गिटारच्या जागेत कीबोर्ड

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’ या १९८४ च्या गाण्यात मध्यावर एक सोलो, म्हणजे एकाच वाद्याने पुढे येऊन वाजवलेला तुकडा येतो. स्वर ताणले जातात, एकातून दुसऱ्यात घसरत जातात, शेवटाला थरथरतात. ऐकणाऱ्या कितीतरी जणांनी तो बँडचा गिटारवादक ब्रायन मे याच्या गिटारचाच समजला, आजही समजतात. प्रत्यक्षात तो फ्रेड मँडेल या वादकाने रोलंडच्या ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर वाजवलेला आहे. आणि याच क्वीनने १९७३ च्या आपल्या पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर मुद्दाम छापलं होतं की यात सिंथेसायझर कोणीही वाजवलेला नाही. मेने गिटारचे थरावर थर रेकॉर्ड करून जो भरगच्च नाद तयार केला होता, तो कुणाला यंत्राचा वाटू नये म्हणून.

तेव्हा गिटारला लोक सिंथेसायझर समजतील ही काळजी होती. अकरा वर्षांनी सिंथेसायझरलाच लोक गिटार समजले.

रॉकच्या गाण्यात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजू लागला की श्रोत्यांत दोन तट पडतात, हे पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. एकाला तोच भाग गाण्याचा प्राण वाटतो, दुसऱ्याला नेमकं तिथेच गाणं बिघडलेलं दिसतं. नीट ऐकलं तर विरोध करणाऱ्यांच्या तक्रारी दोन आहेत आणि त्या एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. पहिली: हा आवाज खोटा आहे, त्यात जीव नाही. दुसरी: याने गिटारची जागा खाल्ली. मला वाटतं, पहिली तक्रार फार वेळ टिकत नाही. दुसरी मात्र पुष्कळदा अगदी खरी असते, आणि ती आवड-निवडीच्या पलीकडे, थेट कानाच्या रचनेपर्यंत जाऊन तपासता येते.

खरा आवाज, खोटा आवाज

इलेक्ट्रिक गिटारमध्ये पोलादी तार कंपते, तिच्याखालचा चुंबकीय पिकअप त्या कंपनाचं विजेत रूपांतर करतो, आणि ॲम्प्लिफायर ती वीज इतकी वाढवतो की लहरीचे माथे कापले जातात. रॉक गिटारचा तो जाड, खरखरीत आवाज या कापाकापीतून येतो. सिंथेसायझरमध्ये तार नसते. ऑसिलेटर नावाचं सर्किट थेट विजेची लहर तयार करतं, फिल्टर तिच्यातले वरचे उपस्वर कमी-जास्त करतो, आणि आवाज किती झटकन उठावा, किती टिकावा, किती सावकाश विरावा हे आणखी एक सर्किट ठरवतं. दोन्ही वाटांच्या शेवटी हलतो तो स्पीकरचा पडदाच. विजेचा म्हणून एक आवाज खोटा ठरवायचा, तर दुसराही खोटा ठरवावा लागेल.

इलेक्ट्रिक गिटारवर हा आरोप होऊनही गेला आहे. जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या फोक महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा प्रेक्षकांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. पुढच्या मे महिन्यात मँचेस्टरला भर कार्यक्रमात एका श्रोत्याने त्याला ‘जूडास’ म्हणून हाक दिली, म्हणजे थेट विश्वासघातकीच ठरवलं. लाकडी गिटार प्रामाणिक आणि विजेची गिटार बाजारू, असा त्या श्रोत्यांचा निवाडा होता. आज रॉकच्या अस्सलपणाची खूण म्हणून आपण याच विजेच्या गिटारीकडे बोट दाखवतो.

हॅमंड ऑर्गनचा इतिहास तर याहून बोलका आहे. १९३५ मध्ये आलेल्या या वाद्यात कडेला उंचवटे असलेल्या ९१ धातूच्या चकत्या चुंबकांजवळ फिरतात आणि त्यांतून स्वरांची वीज तयार होते. चर्चमधल्या महागड्या पाइप ऑर्गनला स्वस्त पर्याय म्हणून तो विकला गेला. खऱ्या ऑर्गनशी त्याची बरोबरी करणाऱ्या जाहिरातींवरून प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे गेलं. दोन्ही वाद्यं श्रोत्यांना न दाखवता वाजवून चाचणी घेण्यात आली, आणि ऐकणाऱ्यांचे अंदाज बऱ्याचदा चुकले. त्या काळात हॅमंड ही चक्क नक्कल होती. पुढे डीप पर्पल या हार्ड रॉक बँडच्या जॉन लॉर्डने तोच हॅमंड गिटारसाठी बनलेल्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून गर्जायला लावला, आणि आता कट्टरातला कट्टर हार्ड रॉक श्रोताही त्याला खोटा म्हणत नाही.

मग ‘जीव नाही’ असं जे वाटतं, ते काय असतं? तो नुसता भ्रम नाही. आपला कान वाद्य ओळखतो ते बऱ्याच अंशी स्वराच्या सुरुवातीवरून. रेकॉर्ड केलेल्या स्वरांचा पहिला तुकडा कापून उरलेला भाग ऐकवला, तर ओळखीची वाद्यंसुद्धा ओळखणं अवघड जातं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. गिटारवर ही सुरुवात दरवेळी वेगळी असते. तार छेडायच्या पातीचा, म्हणजे प्लेक्ट्रमचा कोन, तो तारेवर कुठे पडला, डाव्या हाताच्या बोटाचा दाब, सगळं त्या काही मिलिसेकंदांत उतरतं. १९८० च्या आसपासच्या बऱ्याच सिंथेसायझरच्या पट्ट्यांना मात्र जोर कळतच नव्हता. हळू दाबा किंवा आपटा, स्वर सारखाच उठायचा. ओबरहाइमचा ओबी-एक्सए हे त्या काळातलं गाजलेलं वाद्य याच प्रकारचं. स्वराला कंप द्यायचा तर तोही एका संथ ऑसिलेटरकडून, घड्याळासारखा एकसारखा. माणसाचा कंप सुरुवातीला नसतो, मग येतो, मध्येच रुंदावतो.

एकसारखेपणा कानाला फार लवकर कळतो. माझ्या मते लोक ज्याला निर्जीव म्हणतात ते हेच: स्वर विजेतून आला हे त्यांना खटकत नाही, वाजवणाऱ्याचा हात ऐकू येत नाही हे खटकतं. मँडेलचा सोलो लोकांना गिटारचा वाटला, कारण त्याने स्वर वाकवले, त्यांना मींड दिली, कंप हवा तिथेच आणला. हात ऐकू आला आणि कानाने बाकीची चौकशी केली नाही.

मोकळी सोडलेली जागा

आता दुसरी तक्रार. ही मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल बोललं फार कमी जातं, कारण ती ‘मला कीबोर्ड आवडत नाही’ या वाक्याआड दडून राहते.

हेवी रॉकमधली गिटार जे वाजवते, त्यात एक स्वर मुद्दाम गाळलेला असतो. लहरीचे माथे कापले जात असताना दोन स्वर एकत्र वाजवले, की ॲम्प्लिफायर त्यांच्यातून आणखी स्वर तयार करतो, दोघांच्या कंपनसंख्येच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे. मूळ दोन स्वरांचं प्रमाण साधं असेल तर हे नवे स्वरही त्यांच्याशी जुळतात. षड्ज आणि पंचमाचं प्रमाण २:३. त्यांची वजाबाकी १, म्हणजे षड्जाच्या बरोबर एक सप्तक खालचा स्वर. कुणीही न वाजवलेला हा खर्ज आपोआप मिळतो आणि आवाज भारदस्त होतो. या जोडीत गांधार मिसळला की गणित बिघडतं. पाश्चात्त्य वाद्यांच्या समान अंतरांच्या सप्तकात शुद्ध गांधार मुळातच नैसर्गिक प्रमाणापेक्षा थोडा चढा लागतो, त्यात ॲम्प्लिफायरने तयार केलेले नवे स्वर एकमेकांवर घासतात आणि सगळं गढूळ होऊन जातं. म्हणून गिटारवादक गांधार सोडतात. षड्ज-पंचमाच्या या उघड्या जोडीलाच पॉवर कॉर्ड म्हणतात.

याचा परिणाम भावनेवर होतो. गांधार शुद्ध आहे की कोमल, यावर पाश्चात्त्य संगीतात कॉर्डचा स्वभाव ठरतो, मेजर की मायनर, उजळ की उदास. गांधारच नसेल तर तो प्रश्न उघडा राहतो. पॉवर कॉर्डचा जो कठोर, काही न सांगणारा चेहरा आहे तो या रिकाम्या जागेमुळे. आता याच कॉर्डवर कीबोर्डवादकाने तिन्ही स्वर धरले की गांधार आला आणि प्रश्नाचं उत्तर मिळालं. एका श्रोत्याला तिथे गाणं फुलल्यासारखं वाटतं. दुसऱ्याला ते गोडगोड झाल्यासारखं वाटतं, तो ‘पॉप झालं’ म्हणतो. दोघांनी ऐकलं एकच, आणि दोघंही खरं सांगत आहेत. त्या मोकळ्या जागेची एकाला ओढ होती, दुसऱ्याला नव्हती, इतकंच.

यापुढचा मुद्दा निव्वळ शरीरशास्त्राचा. गिटारची सर्वांत खालची तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते, आणि गिटारसाठी वापरले जाणारे स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर फारसं काही सोडत नाहीत. गिटारचं सगळं अस्तित्व या पट्ट्यात आहे. माणसाचा आवाजही मुख्यतः इथेच. सिंथेसायझरचे लांब धरलेले कॉर्ड, ज्यांना पॅड म्हणतात, तेही नेमके इथेच पसरतात. कानाच्या आत एक निमुळता पडदा असतो, त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या कंपनसंख्यांना हलतात. दोन आवाज एकाच भागावर पडले की मोठा आवाज लहानाला झाकून टाकतो, आणि हे झाकणं खालून वरच्या दिशेला जास्त पसरतं. दोन माणसं एकाच पट्टीत एकदम बोलायला लागली की दोघांचंही नीट ऐकू येत नाही, तसंच. गिटार तितक्याच जोरात वाजत असते, मीटरवर काटाही हलत असतो, पण कानापर्यंत तिचे बारकावे पोहोचत नाहीत.

शिवाय स्वर टिकण्याचा प्रश्न आहे. तारेचा स्वर छेडल्या क्षणापासून विरायला लागतो. पट्टी दाबून ठेवली तर पॅडचा स्वर हात उचलेपर्यंत तसाच राहतो. रॉकच्या रिफचा, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या आकृतीचा दणका दोन आघातांमधल्या शांततेतून येतो. ती शांतता पॅडने भरली की रिफ वाजत राहतो, दणका मात्र जातो. मिक्स करताना, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवताना, आवाज थोडा खाली-वर करून हे सुटत नाही. ते गाणं बांधतानाच ठरलेलं असतं.

जागा दिली, जागा घेतली

कॅनडाच्या रश या बँडइतकं हे दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नाही. तिघांचा बँड, त्यामुळे कीबोर्ड वाजवायचा तो बास वाजवणाऱ्या आणि गाणाऱ्या गेडी लीनेच. मंचावर त्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर गेले की बासचे स्वर तो पायाने दाबायच्या पेडलवरून द्यायचा. १९८१ पर्यंत सिंथेसायझर हा या बँडच्या भात्यातला एक बाण होता. १९८२ च्या ‘सिग्नल्स’पासून तो मध्यभागी आला. बँडचा गिटारवादक ॲलेक्स लाइफसन याने पुढे उघडपणे सांगितलं आहे की त्या अल्बममध्ये गिटार फार मागे गेली. १९७५ पासून त्यांचे अल्बम घडवणारा टेरी ब्राऊनही त्यानंतर सोबत राहिला नाही. १९८५ चा ‘पॉवर विंडोज’ आणि १९८७ चा ‘होल्ड युवर फायर’ येईपर्यंत चाहत्यांत उभी फूट पडली होती. कुणासाठी तो बँडचा सर्वांत श्रीमंत काळ, कुणासाठी हरवलेला. माझा कौल सांगायचा तर ‘सिग्नल्स’वरच्या ‘सबडिव्हिजन्स’ या गाण्यातला सिंथेसायझर मला त्या गाण्याचा कणा वाटतो, उपनगरातल्या एकाकी पोराची गोष्ट त्या थंड, रुंद स्वरांशिवाय सांगता आली नसती. पण १९८७ च्या अल्बमवर लाइफसन काय वाजवतोय हे शोधायला मला कान टवकारावे लागतात, आणि इतक्या कल्पक वादकाच्या बाबतीत ते मला मनापासून बोचतं.

व्हॅन हेलन या अमेरिकन बँडच्या ‘जंप’ या गाण्याचं प्रकरण उलटं आहे. गिटारच्या इतिहासातल्या मोजक्या क्रांतिकारकांपैकी एक असलेला एडी व्हॅन हेलन १९८४ मध्ये ओबी-एक्सए वाजवत समोर आला. लहानपणी तो पियानोच शिकला होता. रिफ त्याने बराच आधी रचला होता, पण तू गिटारचा हिरो, कीबोर्डच्या मागे लागू नकोस, असं गायक डेव्हिड ली रॉथचं म्हणणं होतं, हे एडीने नंतर सांगितलं आहे. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि पाच आठवडे तिथे राहिलं. बँडचं तिथे पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते एकमेव गाणं. जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना तरीही तो फितुरीचा क्षण वाटला.

मी फितुरी मानणाऱ्यांच्या बाजूने नाही, आणि कारण जागेचंच आहे. ‘जंप’चे कॉर्ड तुटक आहेत, त्यांच्यामध्ये श्वास आहे. खाली बास एका स्वरावर ठाम उभा, वर कॉर्ड बदलत जातात, त्यामुळे तिन्ही स्वर असूनही गोडवा चिकट होत नाही. आधी गिटारचा सोलो, लगेच कीबोर्डचा, दोघांनी एकाच वेळी एकच जागा मागितलेली नाही. कीबोर्ड इथे भरताड नाही, तो नायक आहे.

द हू या ब्रिटिश बँडच्या १९७१ च्या ‘बाबा ओ’रायली’मध्येही हेच शहाणपण आहे. नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबा आणि रायली म्हणजे पुनरावृत्तीतून संगीत उभारणारे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. सुरुवातीची ती अखंड भिरभिरणारी आकृती सर्रास सिंथेसायझरची मानली जाते. ती लोरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनवर, त्याच्या मरिंबा नावाच्या सोयीतून निघालेली आहे. ती बारीक आहे, वरच्या अंगाला आहे, आणि पीट टाउनशेंडची गिटार बरीच उशिरा, तिच्या खालच्या मोकळ्या जागेत उतरते. या गाण्यातल्या कीबोर्डवरून कुणी रॉकचा अपमान झाला असं म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

आपलं कोण, परकं कोण

सगळाच विरोध कानातून येत नाही, हेही मान्य करायला हवं. १९८६ मध्ये आयर्न मेडन आणि जूडास प्रीस्ट या दोन्ही हेवी मेटल बँडनी गिटार-सिंथेसायझर, म्हणजे गिटारवरून वाजवायचा सिंथेसायझर वापरला. वाजवणारे तेच, हातात गिटार, बोटं तारांवर, हात पुरेपूर ऐकू येतोय. तरीही चाहत्यांचा एक मोठा गट नाराज झाला. इथे आक्षेप वाद्यावर नव्हता. तो आवाज रेडिओवरच्या चकचकीत पॉपचा होता, आणि हेवी मेटल ऐकणाऱ्याने स्वतःची ओळख नेमकी त्या पॉपच्या विरोधात उभी केली होती.

भीती पोटापाण्याचीही होती. १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेच्या लंडन शाखेत सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी घालावी असा ठराव आला होता. एका कीबोर्डने व्हायोलिनवाल्यांची अख्खी रांग घरी बसवली, तर त्या आवाजाला खोटं म्हणण्यात पोटतिडीक असणारच. दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, रेज अगेन्स्ट द मशीन या अमेरिकन बँडने आपल्या पहिल्या अल्बमवर सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून उचललेले तुकडे), कीबोर्ड किंवा सिंथेसायझर वापरलेला नाही असं छापलं. त्यातला टॉम मोरेलो गिटारमधून असे आवाज काढत होता की ते गिटारचे आहेत हे सांगणं भागच होतं.

आवाजावर लागलेली तारीख

एक गोष्ट उरते, काळाची. गाण्याचा अगदी चिमुकला तुकडाही आपल्याला पुष्कळ सांगतो. संगीताच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक कॅरोल क्रमहान्सल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४०० मिलिसेकंदांचे, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून छोटे तुकडे ऐकवले. श्रोत्यांनी चौथाईहून अधिक वेळा गाणं आणि कलाकार दोन्ही बरोबर सांगितले, आणि गाणं ओळखता आलं नाही तरी ते कोणत्या दशकातलं असावं याचा अंदाज त्यांना येत होता. इतक्या कमी वेळात चाल कळत नाही, शब्द कळत नाहीत. कळतो तो आवाजाचा पोत.

सिंथेसायझरच्या पोतावर तारीख इतकी ठळक का उमटते? कारण आवाज साठवता येऊ लागले. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरमध्ये बटणांची मांडणी लक्षात ठेवणारी स्मृती आली. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीवर, म्हणजे एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवून आवाज घडवण्यावर तो चालायचा. लाखाहून जास्त विकला गेला, पण त्यावर नवा आवाज घडवणं इतकं किचकट होतं की बहुतेकांनी कारखान्यातून भरून आलेलेच आवाज वापरले. त्यातला घंटेसारखा किणकिणणारा इलेक्ट्रिक पियानो त्या काळातल्या असंख्य हळुवार गाण्यांत तसाच्या तसा ऐकू येतो. तो वाजला की साल कळतं.

त्या सालाशी तुमचं नातं काय, यावर पुढचं ठरतं. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये दाखवलं की माणसाला सर्वाधिक आवडणारी गाणी ही तो तेवीस-चोवीस वर्षांचा असताना लोकप्रिय असलेली असतात. १९७२ मध्ये त्या वयात असलेला श्रोता आणि १९८६ मध्ये त्या वयात असलेला श्रोता एकाच कीबोर्डकडे सारख्या कानांनी पाहूच शकत नाहीत. एकाच्या घरात तो पाहुणा म्हणून आला, दुसऱ्याच्या घरात तो आधीपासून होता.

आणि आज विशीत असलेल्यांसाठी ती तारीख जवळपास पुसली गेली आहे. मिनीमूग हा जुना सिंथेसायझर २०१६ मध्ये आणि प्रॉफेट-५ २०२० मध्ये पुन्हा बनवले गेले ते त्या जुन्या आवाजाला नव्याने मागणी आली म्हणून. ज्या पोताला १९९० च्या दशकात शिळा म्हणून बाजूला सारलं, तोच नव्या बँडना उबदार वाटतो. फितुरी, पॉप, बेकारी, यातलं काहीही त्या आवाजाला त्यांच्या कानात चिकटलेलं नाही. ते ‘जंप’ ऐकतात तेव्हा फक्त एक दमदार रिफ ऐकतात. पण १९८७ च्या मिक्समध्ये दबलेली लाइफसनची गिटार त्यांनाही दबलेलीच ऐकू येते.